मुक्या बाईचा लॉज

पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘राहत’ नावाचा लॉज होता. मालक नियाज. हा माणूस धंद्याला अजिबात लायक नाही, असं त्याचा मॅनेजर अविनाश चारचौघांत सांगायचा, आणि नियाज समोर असला तरी त्याचा आवाज खाली यायचा नाही.

अविनाशचं चुकत नव्हतं. गिऱ्हाईक काउंटरला टेकलं रे टेकलं की नियाज विचारायचा, पनवेलमध्ये तुमचं कुणी नाही का? बिचारा प्रवासाने आंबलेला माणूस सहज बोलून जायचा की आहे ना, मावसभाऊ आहे कामोठ्याला. झालं. नियाज त्याला खुर्ची द्यायचा, खालून चहा मागवायचा आणि गावात मावसभाऊ असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्याच्या नावावर काट मारण्यासारखं आहे, हे त्याला पटवून द्यायचा. मावसभावाचं घर लहान आहे, त्याची बायको कुरकुरते, मुलांची परीक्षा आहे, यातली एकही सबब तो ऐकून घेत नसे. निम्मी गिऱ्हाइकं शेवटी शरमून पिशवी उचलायची आणि कामोठ्याची रिक्षा धरायची. अविनाश कपाळाला हात लावायचा. उरलेली निम्मी रागावून समोरच्या लॉजवर जायची, ते वेगळंच.

हे खूळ त्याने कुवेतहून आणलं होतं. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात त्याची वीस वर्षं परक्यांच्या चादरी बदलण्यात गेली. हॉटेलात उतरणारी माणसं तो रोज बघायचा आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर यायचा, तर तिथे श्रीवर्धनकडचा कुणी ना कुणी नवा पाहुणा दाटीवाटीने झोपलेला असायचा. नोकरी लागेपर्यंत तो तिथेच राहायचा. त्याला कुणी विचारायचं नाही की किती दिवस. माणूस परगावी कुणाकडे उतरतो यावरून त्याचं कोण आहे ते कळतं, हे नियाजचं पक्कं मत तिथलंच.

कुवेतची आणखी एक गोष्ट तो सांगायचा. एकदा त्याने कसम खाल्ली की सिगारेटला हात लावणार नाही, आणि थंडीत एका रात्रपाळीला ती मोडली. मौलवींनी सांगितलं, मोडलेल्या कसमचा कफ्फारा द्यावा लागतो, म्हणजे भरपाई. दहा गरिबांना पोटभर जेवू घाल. कुवेतमध्ये गरीब कुठून आणायचे? शेवटी पगार अडकलेले दहा मजूर गोळा करून त्याने त्यांना बिर्याणी खाऊ घातली. त्यातले दोघे जेवण झाल्यावर म्हणाले, भाई, परत कधी कसम मोडणार? नियाज हे सांगून हसायचा, पण त्यानंतर त्याने कधी उठसूट कसम खाल्ली नाही. आपल्या बहिणीला हा धडा मिळायला हवा होता, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

बहीण म्हणजे मुबीना. श्रीवर्धनजवळच्या वाडीत राहायची. अम्मी गेली तेव्हा नियाज इतका लहान होता की त्याला अम्मीचा चेहराही आठवत नाही. अम्मी म्हटलं की डोळ्यांसमोर मुबीनाच यायची. तिनेच त्याला वाढवला, मदरशात धाडला, मारलाही तिनेच. तिला मुलगी झाली, नशरा, आणि नियाजला त्याआधी मुलगा, अदीब. दोघं पाळण्यात होती तेव्हापासून ठरल्यासारखंच होतं. बोलणी कधी झाली नाहीत. भाऊबहिणीत बोलणी कसली करायची?

अदीब मोठा होऊन बहरीनला गेला आणि सुट्टीवर आला तेव्हा कामोठ्याच्या एका मुलीशी लग्न करीन म्हणून अडून बसला. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं. नियाजने हो म्हटलं. आता त्याने काय करायला हवं होतं ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पहिली गाडी पकडून बहिणीकडे जायचं, तिच्या शिव्या खायच्या, पाहिजे तर पाय धरायचे आणि स्वतःच्या तोंडाने लग्नाची दावत, म्हणजे आमंत्रण, द्यायची. पण नियाज घाबरला. लॉजची रंगरंगोटी निघाली, मग हॉलवाल्याकडे खेपा निघाल्या, आणि सरतेशेवटी त्याने लग्नाचं कार्ड आणि मिठाईचा डबा श्रीवर्धनच्या गाडीचा कंडक्टर काशिराम याच्या हातात दिला.

कोकणातली माणसं कंडक्टरकडून काय पाठवत नाहीत? सोडे पाठवतात, औषधं पाठवतात, विसरलेला चष्मा पाठवतात, एकदा तर कुणीतरी बकरीचं पिल्लू पाठवलं होतं. काशिराम सगळं इमानाने पोचवायचा. त्याने कार्डही पोचवलं. मुबीनाने ते उंबऱ्यात उभं राहून वाचलं, दोनदा वाचलं, मिठाईचा डबा न उघडता परत दिला आणि काशिरामला म्हणाली की नियाजला सांग, अल्लाची कसम, तुज्या घरात मी पाय टाकणार नाय. हा निरोपही काशिरामने इमानाने पोचवला. मिठाईच्या डब्यासकट.

मुलाने नाही म्हटलं याचा तिला राग नव्हता. पुढे नशराचं लग्न म्हसळ्याच्या चांगल्या घरात झालं. तिला लागलं ते एवढंच, की ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याने तिची दावत पार्सलसारखी पाठवली.

हे दोन हजार सहा साली झालं. तीन वर्षं गेली. ईद आली की नियाज फोन करायचा. मुबीना उचलायची, खुशाली सांगायची, बायकोची विचारायची आणि ठेवून द्यायची. अबोला नव्हता. फक्त ती यायची नाही, आणि ती येत नाही म्हणून याला तिच्याकडे जायला तोंड नव्हतं. नियाजची बायको शमा, जिची जीभ टाळूला कधी लागली नाही, तीसुद्धा या विषयावर गप्प राहायची.

दोन हजार नऊच्या जानेवारीत एका दुपारी काशिराम लॉजचा जिना चढून वर आला. त्याने एका म्हातारीचा हात धरला होता. नियाज आत चादरी मोजून घेत होता. बाहेर अविनाश त्या बाईकडे मतदार ओळखपत्र मागत होता, कारण अलीकडे पोलिसांनी सक्ती केली होती, आणि मालकाची बहीण त्याने कधी पाहिलेली नव्हती. नियाज बाहेर आला आणि हातात चादर घेऊन तसाच उभा राहिला.

“खोली हाय काय?” मुबीना विचारत होती. ती अविनाशच्या दिशेने बोलत होती, पण जरा बाजूला, भिंतीकडे बघून. तेव्हा नियाजच्या लक्षात आलं की तिला नीट दिसत नाही.

काशिरामने थोडक्यात सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, डाव्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळतो, उद्या इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात उजव्याचं ऑपरेशन हाय. हिचा मुलगा परदेशी, नशरा बाळंतीण. म्हणून एकटीच निघाली. “मला म्हनली, नियाजच्या लॉजवर सोड. मी सोडली. आमची गाडी उभी हाय,” असं म्हणून तो उतरला.

नियाज म्हणाला, “आपा, घर आहे.”

“घर नको. खोली हाय का नाय ते सांग. नसली तर समोर बघते.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मावसभावांची बाजू घेऊन भांडलेल्या माणसाच्या काउंटरवर त्याची सख्खी बहीण खोली मागत होती. नाही म्हणावं तर ती खरंच समोर गेली असती. त्याने रस्त्याकडची, सगळ्यांत हवेशीर खोली उघडून दिली आणि स्वतःच्या हाताने चादर घातली, कुवेतची शिस्त, एक सुरकुती नाही. दवाखान्यात बरोबर कोण येणार, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, तूच की, गिऱ्हाइकाची एवढी सोय करायला नको? त्याला हसावं की रडावं कळेना. घरून जेवण आणतो म्हणाला तर तिने पिशवीतून भाकरी काढली.

संध्याकाळी घरी जाऊन तो शमापुढे भडाभडा बोलला. अपमान झाला, सगळ्या स्टँडने पाहिलं, आता काय राहिलं. शमाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पनवेलमध्ये लॉज काय कमी आहेत? कसम तिने घराची खाल्लीय. घर सोडून तुमचं दुसरं जे काही आहे तिथे ती आलीय.” हे नियाजच्या डोक्यात आलं नव्हतं आणि आलं नव्हतं याचं त्याला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी मुबीनाला बाहेर आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर जाड पट्टी होती आणि डावा कामाचा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी उद्या सकाळी इथेच काढू, तोवर धक्का लागू द्यायचा नाही, जिने चढायचे नाहीत. राहत लॉजला जिना सोडून दुसरी वाट नव्हती. नियाज दवाखान्याबाहेर येऊन शमाला फोन करून विचारू लागला की आता काय करू.

शमा म्हणाली, घरी आणा. तिला दिसत नाही. लॉजच्या खालची खोली म्हणून सांगा. उद्या सकाळी परत दवाखान्यात. कुणाला काय कळतंय?

नियाजने असा विचार करायलाही नको होता, हे त्याला तिथेच, रस्त्यावर उभ्या उभ्या कळत होतं. आंधळ्या बहिणीला फसवून तिची कसम मोडायची? आणि तिला कळलं तर? आता निदान ती त्याच्या लॉजवर तरी आली होती. कळलं असतं तर तेही गेलं असतं, फोनही गेला असता, कायमचं. पण तिला घेऊन तो बाहेर आला तेव्हा समोर रिक्षा थांबली होती आणि तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं होतं. लहानपणी मदरशाच्या वाटेवर ती धरायची तसंच घट्ट. नियाजने रिक्षावाल्याला मोहल्ल्याचा पत्ता सांगितला. तोंडाने नाही, हाताने खूण करून.

घराचा उंबरा उंच होता. लॉजच्या कुठल्याच खोलीला उंबरा नाही. “इथे पाय उचल, आपा,” तो म्हणाला आणि आपलाच आवाज त्याला चोरासारखा वाटला. मुबीना थांबली. मनगट धरून ती बराच वेळ तिथे उभी राहिली, जणू दम खात होती. मग तिने पाय उचलला आणि आत टाकला.

त्यानंतरचे सतरा-अठरा तास शमाला जन्मभर आठवतील. तिने तोंड उघडलं असतं तर नणंदेने आवाज ओळखला असता. तेव्हा शमा मुकी झाली. पाणी दिलं, उशी सारखी केली, पाय दाबले, सगळं न बोलता. एकदा तिचा हात तव्याला लागला तर ओठ चावून राहिली. नियाजने सांगून टाकलं होतं की लॉजवर कामाला एक बाई आहे. जेवायला कोळंबीचं सालन आणि तांदळाची भाकरी केली. लॉजच्या जेवणात असं सालन कुठून येणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बहीण तीन वर्षांनी आली होती, मग चांगलंचुंगलं करायचं नाही तर काय? मुबीना सगळं जेवली. बोटं चाटून पुसून म्हणाली, बाईच्या हाताला चव हाय. पण मुकी हाय काय रे ती? नियाज म्हणाला, हो, जन्मापासून. शमाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

एक गोष्ट मात्र दोघंही विसरली. त्यांच्या घराला लागून मशीद होती, भिंतीला भिंत. स्टँडजवळच्या लॉजवर अजान लांबून, रिक्षांच्या आवाजात मिसळून ऐकू यायची. इथे असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची अजान थेट डोक्यावर सुरू झाली तेव्हा भांडी थरथरली. नियाज मुबीनाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, ओठांनी अजानचं उत्तर पुटपुटत राहिली आणि नंतर काहीच बोलली नाही. पट्टीखालच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

सकाळी दवाखान्यात पट्टी निघाली. मुबीनाने पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाहिलं, मग नियाजकडे. “म्हातारा झालास की रे,” एवढंच म्हणाली. लॉजवरची पिशवी नियाजने खाली आणून दिली. तिने खाली रस्त्यावर उभं राहून लॉजची पाटी वाचली, मोठ्याने, एक एक अक्षर, नव्या डोळ्याची परीक्षा घेतल्यासारखी. दुपारच्या गाडीने ती गेली. घराचं नाव तिने काढलं नाही आणि नियाजनेही काढलं नाही.

मग नियाजला चैन पडेना. तिला कळलं असेल की नसेल? नसेल तर आपण तिला तिच्या नकळत गुन्हेगार करून ठेवलं, आणि असेल तर ती पुन्हा येणार नाही. शुक्रवारी नमाजनंतर त्याने मौलवीसाहेबांना गाठलं आणि एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. मौलवीसाहेब या मित्राच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, जिला माहीतच नव्हतं तिची कसम मोडली नाही, तिच्यावर कफ्फारा नाही. गुनाह फसवणाऱ्याचा, त्याने माफी मागावी. नियाज अर्धा हलका झाला आणि अर्धा जड. आपा सुटली, याचा आनंद होता. पण आपा सुटली म्हणजे तिच्या लेखी ती घरात आलीच नाही, आणि यापुढेही येणार नाही, हेही त्याला कळत होतं.

त्या दिवसांत तो काउंटरवर बसायचा, पण गिऱ्हाइकांना काही विचारायचा नाही. कामोठ्याला मावसभाऊ असलेली माणसं खुशाल लॉजवर उतरू लागली. अविनाश पहिले चार दिवस खूश होता, पाचव्या दिवशी त्याने विचारलं, शेठ, तब्येत बरी आहे ना?

महिनाभराने नशराचा फोन आला. बाळाची खुशाली झाली, इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, “मामू, अम्मीला काय झालंय कळत नाय. काल वाडीतल्या दहा गरिबांना बोलावून जेवू घातलं. ना कुणाची बरसी, ना काय. स्वतः रांधलं सगळं. अकरावा आला त्याला म्हनली, तू उद्या ये, आज दहाच. मी विचारलं तर म्हनली, एक कसम मोडली माजी, जाणूनबुजून.”

नियाजने फोन ठेवला आणि तो आत चादरींच्या ढिगापाशी गेला. उंबऱ्यात ती थांबली होती ते दम खायला नव्हे. पाय उचलण्याआधीच तिने ठरवलं होतं. त्याने बोलावलं नाही तरी ती आली, त्याने फसवलं तर फसल्यासारखं केलं, आणि त्याच्या चुकीची भरपाई वाडीत जाऊन एकटीने देऊन टाकली. माणूस पन्नाशीच्या पुढचा, लॉजचा मालक, पण त्याने चादरीत तोंड खुपसलं आणि तो रडला. अविनाशने बाहेरचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो श्रीवर्धनच्या गाडीत चढला. काशिरामने सवयीने हात पुढे केला आणि काय पाठवायचंय म्हणून विचारलं. नियाज म्हणाला, काही नाही, तिकीट फाड.

मुबीना अंगणात सोडे निवडत बसली होती, आता नव्या डोळ्याने. तिने मान वर करून त्याला येताना पाहिलं, पण उठली नाही. नियाज तिच्यासमोर जमिनीवरच बसला. माफीचे शब्द तो गाडीत घोकत आला होता, त्यातला एकही आठवेना. तो म्हणाला, “आपा, दुसऱ्या डोळ्याचं करून घेऊ. मी न्यायला आलोय.”

ती सोडे निवडत राहिली. “आन् उतरू कुठं?”

“तू सांगशील तिथे.”

मुबीनाने सूप बाजूला सारलं आणि हात झटकले. “मग त्या मुक्या बाईकडे,” ती म्हणाली. “बिचारीला यावेळी बोलू दे म्हणावं.”

आणि ती पिशवी भरायला आत गेली.